‘चॅन्सेल’ला गाभारा म्हणावं का?

भटक्या : इंग्लंडमध्ये नॉरफक परगण्यातल्या रॅनवर्थच्या सेंट हेलन्स चर्चवर प्रवासलेख लिहितोय. लोक बसतात तो लांबट भाग ‘नेव्ह’, पूर्वेकडचा वेदीचा भाग ‘चॅन्सेल’. सभामंडप आणि गाभारा लिहिलं तर चालेल? आणि मधल्या लाकडी आडोशाला काय म्हणायचं?

जुनी वही : सभामंडप चालून जाईल. नेव्ह हा लॅटिन ‘नाविस’वरून आलेला, म्हणजे जहाज. आपल्या नाव-नौकेच्याच गोतातला. गाभारा मात्र खटकतो. गाभारा म्हटलं की अंधार, समई, दगडी गारवा. चॅन्सेलला पूर्वेची भलीमोठी खिडकी असते, सकाळचं ऊन थेट वेदीवर. मूळ शब्द ‘कान्सेली’, म्हणजे जाळी किंवा गज. जाळीपलीकडची जागा ती चॅन्सेल. विद्यापीठाचे चान्सलरही या जाळीपासूनच निघाले बरं का! रोमन न्यायालयात जाळीपाशी उभा राहणारा तो ‘कान्सेलारिउस’. आणि आपण तिकीट कॅन्सल करतो तेही हेच: लिहिलेल्यावर जाळीसारख्या आडव्यातिडव्या रेघा ओढायच्या.

चिंचोका : पण गाभाऱ्यात पुजारी आणि बाहेर आपण, तसंच ना ते?

जुनी वही : तेवढं साम्य आहे, नाही म्हणत नाही. तिथे खर्चाचीही वाटणी होती. नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी करायची, चॅन्सेलची रेक्टरने, म्हणजे त्या चर्चच्या मुख्य धर्मगुरूने, कारण पिकाचा दशमांश त्याच्या पदरात पडायचा. (रेक्टर म्हणून कधी कधी एखादा मठच असे.) आडोशाला ‘पडदा’ नको, कापडी वाटतो. ‘रूड स्क्रीन’मधला रूड म्हणजे जुन्या इंग्रजीत क्रूस. रॅनवर्थला खालच्या फळ्यांवर पंधराव्या शतकात रंगवलेले संत आहेत आणि वर कोरीव जाळी. तिच्यातून वेदी दिसते. अशा आडोशांच्या वर उभारलेले मोठे क्रूस राजा सहाव्या एडवर्डच्या राजवटीत (१५४७–५३) देशभर उतरवले गेले. क्रूस गेले, नाव राहिलं.

बायजा : चॅन्सेलमध्ये शिरलाच आहात तर ‘मिझेरिकॉर्ड’ही घ्या. धर्मगुरूंच्या आसनाची फळी उचलली की तिच्या खालच्या अंगाला वीतभर पुढे आलेला टेकू असतो. प्रार्थना उभ्याने, तीही लांबलचक; त्या टेकूवर बूड टेकायचं, दिसायला मात्र उभेच! शब्दाचा अर्थ ‘दया’. इंग्लंडमधल्याच लडलोच्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये अशी २८ आहेत. माणसं बसणार त्या जागेखाली देवादिकांना कसं कोरायचं? म्हणून तिथे सगळा संसार. एका टेकूवर कमी माप देणारी एलवाली (एल ही बिअर विकणारी बाई) आहे. सैतान तिला पाठीवर टाकून नरकाच्या जबड्याकडे चाललाय, आणि बाईच्या हातात तो मापाचा जग अजून तसाच.

चिंचोका : मापात पाप!

भटक्या : गाभारा कॅन्सल. ‘चॅन्सेल’च ठेवतो, पहिल्यांदा येईल तिथे ‘जाळीपलीकडचा वेदीचा भाग’ एवढं जोडून. स्क्रीनला ‘क्रूसजाळी’ लिहिलं तर?

बायजा : लिहा. कानाला बरं लागतंय.