मदत हवी आहे: नैराश्याच्या अभ्यासासाठी मलाचे नमुने

नैराश्यात आतड्यातले जिवाणू कसे बदलतात ते पाहतोय. सर्ट्रालिन किंवा एसिटालोप्राम (नैराश्यावरच्या गोळ्या) सुरू होण्याआधी, मग चौथ्या आणि आठव्या आठवड्यात नमुने घ्यायचे आहेत. पहिला गोळीआधीचाच हवा. या वर्गातली काही औषधं जिवाणूंची वाढ थेट रोखतात. उशीर झाला की फरक आजाराचा की गोळीचा, हे सांगता येत नाही. 2019 च्या बेल्जियममधल्या अभ्यासात औषधांचा हिशेब धरूनही नैराश्यात कोप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे आतड्यातले जिवाणू कमीच दिसले होते.

तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेले वगळतोय. पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) आणि मेटफॉर्मिनवाले (मधुमेहाची गोळी) मात्र नुसते नोंदवतोय. ॲसिडिटीची गोळी न घेणारे शोधायचे तर निम्मं पुणं बाद होईल! बद्धकोष्ठाचीही नोंद ठेवतोय, त्यानेसुद्धा जिवाणूंचं प्रमाण बदलतं.

अडचण वाहतुकीची. उणे 80 अंशांचा फ्रीजर कोथरूडला, रुग्ण हडपसरचे. डबी घरच्या फ्रीजमध्ये ठेवायला कुणी तयार नाही, साहजिकच आहे. खोलीच्या तापमानाला डीएनए टिकवणाऱ्या नळ्या पुण्यात पन्नासेक मिळतील का? कुणी 95 टक्के इथेनॉल वापरलंय का? किती मलाला किती घेतलं? 70 टक्क्यांचं नको, त्यात नमुना नीट टिकत नाही.

शिवाय श्रावणातले उपवास नोंदवता येतील असा मराठी आहार-तक्ता कुणाकडे आहे का? साबुदाणा, भगर, ताक वेगवेगळं लिहिता आलं पाहिजे.