नसरीनच्या रेघा आणि सैराटचा शेवट

नमस्कार मंडळी,

न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर म्युझियममधलं चित्रकार नसरीन मोहमदींचं प्रदर्शन ५ जून २०१६ला संपतंय म्हणून घाईघाईत लिहितेय. मॅडिसनवर ७५व्या स्ट्रीटला जुन्या व्हिटनी म्युझियमची ती करड्या दगडाची बिल्डिंग आहे ना, तीच. मेटने (मेट्रोपॉलिटन म्युझियमने) मार्चमध्ये तिथे नवीन म्युझियम सुरू केलं आणि उघडतानाच जी प्रदर्शनं लावली त्यातलं एक मुंबईत वाढलेल्या बाईचं, मला इतकं भरून आलं की लागोपाठ दोन शनिवार जाऊन आले.

पहिल्या खेपेला थोडा वेळ काहीच हाती लागेना. कागद, पेन्सिल, शाई आणि नुसत्या रेघा, चित्रांना नावंही नाहीत. मग एका चित्राच्या अगदी जवळ गेले तेव्हा दिसलं की रेघ सगळीकडे सारखी नाहीये, मध्येच हलकी होते, दोन रेघांतलं अंतर कणाकणाने वाढत जातं, आणि चार पावलं मागे आलं की तेच सगळं तिरकं होऊन हवेत तरंगायला लागतं. १९७२ पासून त्या बडोद्याला शिकवत होत्या. पुढे मज्जासंस्थेच्या आजाराने हातावरचा ताबा सुटत गेला, तरी रेघ तशीच काटेकोर! शेवटच्या चित्रांपुढून माझा पाय निघेना.

वरच्या मजल्यांवर ‘अनफिनिश्ड’ नावाचं मोठं प्रदर्शन आहे, अर्धवट राहिलेल्या चित्रांचं. त्यात अमेरिकन चित्रकार ॲलिस नीलचं १९६५चं एक चित्र चुकवू नका. व्हिएतनामसाठी भरती झालेला कृष्णवर्णीय तरुण, तो दुसऱ्यांदा बसायला आलाच नाही, डोकं आणि हात रंगवलेत, बाकी शरीराच्या नुसत्या रेषा. तिने ते तसंच पूर्ण झालं म्हणून ठेवलं.

आणि त्याच आठवड्यात सैराट बघितला. (ज्यांनी बघितला नसेल त्यांनी पुढचं आत्ता वाचू नका.) झिंगाटला मागच्या रांगेतली मुलं उठून नाचली, सगळं थिएटर हसत होतं, आणि शेवटी नागराज मंजुळेंनी आवाजच काढून घेतला. ते लेकरू, ती लाल पावलं, आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही. लाइट लागले तरी कोणी उठेना. मला तेव्हा नसरीनचा कागद आठवला, त्याच्यावर जेवढं काढलंय त्याहून जास्त मोकळं सोडलंय. नसरीन, नील आणि मंजुळे, तिघांनीही कुठे थांबायचं ते बरोब्बर ओळखलं असं वाटलं.

जर्सी सिटीहून,
तुमची ताई

---

ताई,

तुमचं वाचून काल संध्याकाळी गेलो. मी अलिबागचा, त्यामुळे मला आधी दिसलं ते आमच्या जवळचं किहीम. नसरीन मोहमदींनी काढलेले फोटो बघितलेत ना? ओहोटीनंतर ओल्या वाळूवरून पाणी ओघळत जातं आणि रेघा उमटतात, आम्ही लहानपणी त्यावरून धावत जायचो, कोणी थांबून बघितलं नाही कधी. किहीमला त्यांचं घर होतं आणि १९९०ला त्या गेल्या त्याही तिथेच. ते फोटो त्यांनी हयातीत कधी प्रदर्शनात लावले नाहीत म्हणे. मला तर चित्रांइतकेच महत्त्वाचे वाटले.

दोन वर्षांपूर्वी इथल्या गुगनहाइम म्युझियमला चित्रकार गायतोंडेंचं प्रदर्शन लागलं होतं ते बघितलेल्यांनी तर हे बघायलाच हवं. मुंबईच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये नसरीन आणि गायतोंडे दोघांचेही स्टुडिओ होते. तो रंग हळूहळू उतरवत शांततेपर्यंत नेतो, ही रंगच बाजूला ठेवते.

एका गोष्टीवर मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. नसरीनने मोकळं सोडलं ते तिचं स्वतःचं, वर्षानुवर्षं बसून मिळवलेलं. सैराटमधली शांतता आर्ची-परशाकडून हिसकावून घेतलेली आहे. त्यांना बोलायचं होतं, भांडायचं होतं, घर घ्यायचं होतं. त्या पोराच्या रडण्याचाही आवाज आपल्यापर्यंत पोचत नाही याचा मला राग येतो, आणि तो राग यावा म्हणूनच मंजुळेंनी तसं केलंय असं मला मनापासून वाटतं. ॲलिस नीलचा तो मुलगा या दोघांच्या जास्त जवळचा, तोही कोणीतरी नेला.

येत्या रविवारी बायकोला आणि मुलीला घेऊन परत जातोय. ६ नंबरच्या ट्रेनने ७७व्या स्ट्रीटला उतरायचं. अकराला दारात भेटू, ज्यांना जमेल त्यांनी या. ताई, तुम्ही तिसऱ्यांदा येणार का? ते वाळूचे फोटो तुमच्याबरोबर उभं राहून बघायचेत.