क्लेझमरखाली बीट टाकला की वाट लागते का?

सूरभटक्या:
मंडळी, दोन महिने झाले क्लेझमर डोक्यात बसलंय. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नात वाजायचं ते, क्लॅरनेट हसतंय की रडतंय तेच कळत नाही असं. मी क्लॅरनेट वाजवतो (बरा वाजवतो), मित्र बीट बनवतो, म्हटलं एक जुनी धून घेऊन आजची पोरं ऐकतील असं काही करू, पण पहिला ड्राफ्ट ऐकला तर लिफ्टमध्ये लावतात तसलं काहीतरी झालंय. बीट काढू का? आणि मला सारखा आपला राग बसंत मुखारीच ऐकू येतोय, तो भास आहे का?

कोमल_रे:
भास नाही. त्या स्केलला क्लेझमरवाले फ्रेयगिश म्हणतात, रे ध नी कोमल, बाकी शुद्ध. पण स्वर तेच म्हणून राग तोच नव्हे हां. तू मींड घेत असणार, पैज लावतो. त्यांच्यात क्रेख्त्स असतो, हुंदका घशात अडकावा तसा स्वर मध्येच तुटतो, तो नसेल तर बीट काढलास तरी लिफ्टच. डेव्ह टॅरस आणि नाफ्तुले ब्रांडवाइन या क्लेझमर क्लॅरनेटवाल्यांच्या १९२०च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या रेकॉर्डी अर्ध्या स्पीडला लाव आणि एकेक ओळ तोंडाने म्हण, मग वाजव. अमेरिकन क्लॅरनेटवादक अँडी स्टॅटमन तर १९७०च्या दशकात थेट टॅरसकडेच शिकायला गेला होता, आपल्याला रेकॉर्डीच गुरू.

टेपवाला:
+१, फक्त रेकॉर्डींनाच प्रमाण मानू नका. तेव्हाच्या ७८ आरपीएम रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम ३ मिनिटं मावायची, लग्नात नाचणारे दमेपर्यंत तीच धून चालायची. मोइसेय बेरेगोव्स्की या ज्यू लोकसंगीताच्या अभ्यासकाने कीव्हमध्ये बसून गावोगावच्या धुना मेणाच्या सिलिंडरवर घेतल्या आणि लिहूनही काढल्या, १९५०मध्ये त्याला अटक झाली आणि तो सगळा ठेवा गेलाच असं लोक धरून चालले होते, तो १९९०च्या दशकात कीव्हच्याच लायब्ररीत निघाला! त्यातल्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) गाण्यांवरून केलेल्या 'यिडिश ग्लोरी' या अल्बमला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं. तेव्हा जुनं म्हणजे ठराविक चार रेकॉर्डी नव्हेत.

झिंबल_प्रेमी:
बीटला एवढं का घाबरताय? क्लॅरनेट तरी कुठे मूळचं, ते एकोणिसाव्या शतकात पुढे आलं, त्याआधी व्हायोलिन आणि त्सिंबल (आपल्या संतूरचं भावंडच) यांचं राज्य होतं. न्यूयॉर्कचा क्लेझमॅटिक्स बँड बघा, ते १९८६पासून रॉक, जॅझ सगळं मिसळतायत. प्रश्न बीट कुठे येतो हा आहे. तुमची धून डोइना आहे का? डोइना म्हणजे आलापच, ताल नाही, तिच्याखाली ठोक्यांची ग्रिड टाकलीत तर ती मेलीच. ती मोकळी सोडा, खाली नुसता एक सूर धरा, आणि पुढे नाचाचा बुल्गर सुरू झाला की बीट येऊ दे.

सूरभटक्या:
अरे डोइनाच आहे ती!! आणि आम्ही ती १२०च्या टेम्पोवर क्वांटाइझ केलीय, म्हणजे एकेक स्वर ठोक्यावर नेऊन चिकटवलाय 🤦 आज रात्री पुन्हा बसतो. क्रेख्त्स ट्राय केला, सध्या उचकी लागल्यासारखा येतोय.