नशेत सापडलेलं पोरगं: आधी पोलीस की आधी डॉक्टर?

सोलापुरी_कडक: अशोक चौकाजवळच्या आमच्या गल्लीत, बंद पडलेल्या कारखान्यात रात्री पोरं बसतात. गोळ्या, गांजा, आता एमडीचंही (मेफेड्रोन, नशेची पावडर) नाव ऐकू येतंय. सापडेल त्याला सरळ पोलिसांत द्यायचं, असा ठराव मंडळात मांडणार आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एमडीचा कारखाना निघाला, तोही मुंबईच्या पोलिसांनी येऊन पकडला. आपण काय झोपलो होतो का?

वकीलसाहेब_नाही: चिंचोळीत माल करणारा आणि तुमच्या गल्लीतलं पोरगं एकाच मापात मोजताय. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातही तसं नाही. नुसतं सेवन असेल तर कलम २७: कोणता माल त्याप्रमाणे सहा महिने किंवा वर्षापर्यंत कैद, नाहीतर दंड, किंवा दोन्ही. आणि व्यसनी माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर ६४अ प्रमाणे सेवनाचा खटला टळतो. उपचार अर्धवट सोडले तर सवलत जाऊ शकते. म्हणजे धाकही आहेच की.

सोलापुरी_कडक: आपणहून कोण जातंय ओ? आई दिवसभर विड्या वळते, हा तिच्या मजुरीचे पैसे चोरतो. तिला कलमं वाचून दाखवू का?

बाळीवेस: वाचू नका, १४४४६ ला फोन लावून द्या. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.
आणि एक सांगते, आमच्या नात्यातच बघितलंय. रोज पिणाऱ्याला घरच्यांनी खोलीत कोंडलं. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, मग भिंतीवर किडे दिसायला लागले, मग फिट आली. सगळे म्हणत होते नाटक करतोय. दारू एकदम तोडली की जीवही जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांचं आणि क्लोरल हायड्रेट (गुंगीचं रसायन) घातलेल्या ताडीचंही तेच. कोठडीत हे ओळखणार कोण?

तांड्याचा_शेजारी: मुळेगाव तांडा विसरलात का? २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ काढलं, हातभट्टीवाल्यांना दुसऱ्या धंद्याला लावलं. पोलीस म्हणजे फक्त काठी नव्हे.

सोलापुरी_कडक: ते गाळणारे होते, पिणारे नव्हते. आणि छापे चालू होते म्हणूनच त्यांनी ऐकलं! माझंच म्हणणं झालं की हे.

तांड्याचा_शेजारी: नुसते छापे तर त्याआधीही पडायचे. भट्टी आठवड्यात परत पेटायची. फरक पडला तो हाताला काम मिळाल्यावर.

सोलापुरी_कडक: बरं, पिणाऱ्याला आधी सिव्हिलला न्यायचं, असं ठरावात घालतो. पण माल कोण देतो त्याचं नाव त्यानं सांगायचं. नाही सांगितलं तर पोलीस. यावर हटणार नाही.

बाळीवेस: नाव सांगून ते पोरगं राहणार त्याच गल्लीत ना? विकणाऱ्याची माणसं दारात आली तर मंडळातलं कोण उभं राहील, तेही ठरावात लिहा. तुमच्यापासून सुरुवात करा.