मदत हवी आहे: कोरियनमधले दोन 'थ' कानाला वेगळे कसे कळतील?

नमस्कार मंडळी,

कोरियन शिकतेय. वाचन-लेखन बरं चाललंय, ऐकताना मात्र एका जागी कायम अडतं. चंद्र, मुखवटा आणि मुलगी यांच्या तीन कोरियन शब्दांत फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा. सोलच्या तरुण मुलींच्या तोंडून मला ते थाल, थाल आणि ताल असे ऐकू येतात. मुलगी लगेच कळते. चंद्र की मुखवटा, ते सांगताच येत नाही.

आपल्याकडे त-थ-द-ध आहेत, म्हणून आपल्याला हे सोपं, असं सगळे म्हणतात. मला उलट वाटतं. आपला कान श्वास किती सुटला ते बघतो, आणि सोलमध्ये साधारण 1965 नंतर जन्मलेल्यांच्या बोलण्यात शब्दारंभी या दोघांतला श्वासाचा फरक जवळजवळ पुसला गेलाय. (यात बायका पुरुषांच्या पुढे आहेत.) आता फरक पुढच्या स्वरात असतो: चंद्राचा 'आ' खालच्या पट्टीत, मुखवट्याचा वरच्या. तिथली तरुण मंडळी मुख्यतः त्या सुरावरूनच व्यंजन ओळखतात. प्राट या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये सुराची रेघ मला स्वच्छ वरखाली दिसते. दोन्ही शब्द लागोपाठ ऐकले की जमतंही. पण अनोळखी आवाजात एकटा शब्द आला, की त्या माणसाची खालची पट्टी कुठली हेच कळत नाही. वाक्याच्या मध्ये दोन स्वरांत आला तर चंद्राचा चक्क 'दाल' होतो, तिथे अडचण नाही.

दुसरी गंमत 'हो'ची. शब्द आहे 'ने', मला बऱ्याचदा 'दे' ऐकू येतो. शब्दारंभीचे न-म तिथे नाकातून कमी येतात, तरी आमच्या कोरियन शिक्षिकेला त्यात स्वच्छ 'न'च ऐकू येतो. एकच आवाज, आणि दोघींचे कान इतके वेगळे! याचं मला फार नवल वाटतं.

जाणकारांनी कृपया सांगा:

नुसता सूर पकडायचा सराव कसा केलात? गाणं शिकलेल्यांना हे लवकर जमलं का?

जुन्या पिढीच्या बोलण्यात श्वासाचा फरक ठळक असतो. सुरुवातीला त्यांची ध्वनिमुद्रणं ऐकली तर कानाला नको ती सवय लागेल का?

बुसान किंवा देगूला कोणी राहिलंय का? तिकडच्या बोलीत सुरावर मुळातच शब्दाचा अर्थ बदलतो. मग सोलच्या बोलीवर तयार केलेला कान तिथे चालतो का?