निषिद्ध प्रेम, दरबारी कट: बंदी खरी हवी की खोटी?

महालकर (धागाकर्ता)

किशोरांसाठीच्या फँटसीत सध्या एक साचा जोरात आहे. दोन वैरी घराणी, एका घरची मुलगी, दुसऱ्या घरचा मुलगा, मध्ये बंदी आणि मागे गादीसाठी चाललेलं कारस्थान. साच्याबद्दल माझी तक्रार नाही. १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’ या आपल्या अद्भुतरम्य कादंबऱ्याही ताटातूट आणि कटकारस्थानांवरच उभ्या होत्या. तक्रार आहे ती बंदीबद्दल.

हल्ली बंदी निसर्गानेच घातलेली असते. त्याचा स्पर्श झाला की ती मरणार, दोघांचं रक्त एक झालं की शाप जागा होणार. असं झालं की राजकारण तिथेच आटोपतं, कारण बंदी घालणारा राजा बरोबर ठरतो आणि बंडाला कारणच उरत नाही. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की बंदी खोटी हवी. कुणीतरी स्वतःच्या फायद्यासाठी रचलेली, आणि तो फायदा पैशांत मोजता येईल अशी.

समजा, नदीच्या दोन काठांवरच्या कुळांनी आपसात सोयरीक करायची नाही. का? सोयरीक झाली तर दोन्ही घाटांची जकात एका घरात जाईल आणि मधल्या दिवाणाचा चौथा हिस्सा बुडेल. म्हणून दिवाणाच्या आज्याने ‘शाप’ लिहवून घेतला. तीनशे पानांच्या कादंबरीत दोनशेव्या पानाच्या आसपास ती जकातीची वही नायिकेच्या हाती लागली पाहिजे. त्याआधी लागली तर रहस्य फुटतं. फार उशिरा लागली तर तिला त्या वहीचा उपयोग करायला पानंच उरत नाहीत.

फुटाळ्याची सावली

दादा, मला हे मुळातच पटत नाही. बंदी खोटी निघाली की प्रेमी जोडप्याला काहीच गमवावं लागत नाही. वही भर दरबारात वाचून दाखवली की झालं! शेवटची शंभर पानं नुसत्या लढाया होतात, त्या याच कारणाने.

बंदी खरी आणि न्याय्य हवी. राजकन्या वरच्या राज्यात दिली जाणार, या बोलीवर सात वर्षांचा तह झालेला आहे. तिने नकार दिला तर वरचा राजा पाटाचं पाणी तोडेल आणि खालच्या चाळीस गावांचा धान वाळेल. आता तिचं प्रेम खरं आहे आणि बंदीही खरी आहे.

नुसतं ‘चाळीस गावं’ म्हणून मात्र काही होत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला आकडा लागत नाही, माणूस लागतो. पहिल्या पंचवीस पानांत एका गावाला नाव द्या. त्या गावची एक मुलगी राजकन्येच्या महालात कामाला ठेवा. तिच्या भावाची रोवणी कधी आहे, हे बोलता बोलता येऊ द्या. मग पाटाचं दार पडतं तेव्हा ती मुलगी राजकन्येची वेणी घालत असते, आणि तिचे हात थांबतात. तहाचं कलम वाचकाला तिथे कळतं.

यात घात होतो तो एकाच जागी. लेखकाला नायिकेची सुटका करायची घाई होते आणि तो वाग्दत्त वराला ऐनवेळी दुष्ट करून टाकतो. तसं करू नका. तो भला असू द्या. भल्या माणसाला नाही म्हणणं जास्त कठीण असतं.

पाचगाव १७७५

तुम्ही दोघंही बंदीला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तशीच ठेवता. दरबारात बंदी माणसागणिक बदलते. आपल्या नागपूरचंच बघा.

१७७२ मध्ये जानोजी भोसले वारले. पोटी मूल नाही, म्हणून भाऊ मुधोजी यांचा मुलगा रघूजी दत्तक घेतलेला. मुलगा लहान, म्हणून कारभार कोणाचा यावर मुधोजी आणि साबाजी हे दोघे भाऊ भिडले. जानोजींच्या विधवा दर्याबाई साबाजींच्या बाजूने. २६ जानेवारी १७७५ ला पाचगावच्या लढाईत मुधोजींनी साबाजींना गोळी घातली. सगळं एका मुलाच्या नावाने, आणि त्या मुलाला कोणी विचारलेलं नाही. किशोर वाचकासाठी याहून चांगला नायक कुठे शोधता?

आपल्या लेखकांची चूक अशी की ते थोरल्या मुलाच्या मुकुटाची गोष्ट उचलतात. आपल्याकडची खरी कळ दत्तकात आहे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि कंपनीने वारस न मानता राज्य खालसा केलं. म्हणजे दत्तक कोणी मान्य करायचा, या एका प्रश्नावर अख्खं राज्य टिकतं किंवा जातं.

कादंबरीत सत्तेची चार ठिकाणं धरा: गादीवरचा अज्ञान मुलगा, कारभारी, विधवा राणी आणि तहाने आत आलेला परका वकील, म्हणजे दुसऱ्या राज्याचा दूत. मुलाचं प्रेम हरलेल्या काकाच्या पक्षातल्या सरदाराच्या मुलीवर. आज कारभारी ही सोयरीक रोखेल, कारण शिक्का त्याच्याकडे आहे. मुलगा वयात आला की शिक्का त्याच्या हाती जाणार, तेव्हा तोच कारभारी स्वतः मागणी घेऊन त्या सरदाराच्या दारी जाईल. बंदी तीच, पण तारीख उलटली. ती तारीख पहिल्याच प्रकरणात सांगून टाका. पुढे प्रत्येक प्रकरणाला आपोआप धार येते.

गोंडवन

एक गोष्ट राहून जाते आहे. नागपूरचं वातावरण घ्यायचं म्हटलं की लोक भोसल्यांना दरबार देतात आणि गोंडांना जंगलातली जादू. हे काहून? हे शहर वसवलं गोंड राजा बख्त बुलंद शहाने. पुढचा गोंड राजा चांद सुलतान वारल्यावर गादीचा वाद पेटला, त्याची राणी रतनकुंवरने मदतीला पहिल्या रघूजी भोसल्यांना बोलावलं, आणि मदतीला आलेले पुढे इथलेच धनी झाले. मुलांची गादी वाचवायला बाहेरचा हात धरणारी राणी हे अस्सल राजकारण आहे. त्याला मंत्रतंत्राची गरज नाही.

दुसरं असं, की गोंड समाजात देवसंख्येवरून सोयरीक ठरते. सारख्या संख्येचे देव मानणारी कुळं भावकी समजली जातात, त्यांच्यात लग्न होत नाही. हा जिवंत लोकांचा नियम आहे. तो उचलून ‘खोटा शाप’ ठरवू नका. कुळं कल्पित असतील तर नियमही पूर्ण कल्पित रचा.

महालकर

गोंडवन, मान्य. माझ्या जकातीच्या उदाहरणात कुळं आणि नियम दोन्ही कल्पितच हवेत, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

सावलीताई, वेणीचा प्रसंग मला फार आवडला, पण मूळ मुद्द्यावरून मी हटत नाही. तुमचा तह न्याय्य असेल तर शेवटी नायिकेने मान तुकवणं हेच योग्य ठरतं. सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती आपण असं पुस्तक द्यायचं का, की घरच्यांनी ठरवलं तेच बरोबर? आपल्याकडे मनाविरुद्धच्या लग्नांना आणि जातीच्या भिंतींना हेच कारण दिलं जातं, की चाळीस गावांचं भलं आहे.

फुटाळ्याची सावली

मान तुकवू नका ना! तह बदलायला लावा. त्यासाठी तिला पाटाचं पाणी किती दिवस पुरतं, दुसरा बंधारा कुठे घालता येतो, हे शिकावं लागेल. तुमच्या नायिकेला वही आयती सापडते. माझीला काम करावं लागतं.

मोडीवाचक

वही सापडो की तह बदलो, दोन्हीकडे कागद आहेच. आणि कागदाच्या बाबतीत बहुतेक हस्तलिखितं लाखेच्या लाल गोळ्यापुढे जात नाहीत. आपल्या पत्रव्यवहाराची रीत वेगळी होती. वर शिक्का उमटायचा, मजकूर संपला की अखेरीस मोर्तब, म्हणजे समाप्तीचा छोटा शिक्का. मोर्तब अशासाठी, की खाली कोणी ओळ वाढवू नये. मोडीत आधी आडवी रेघ ओढून घेतात, तिच्याखाली अक्षरं लटकतात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. ‘ध’चा ‘मा’ सगळ्यांना पाठ आहे, तो पुन्हा वापरू नका. शब्द कुठे तोडायचा, यावर कट रचा. ‘नका सोडू’ आणि ‘न, कासोडू’ असल्या ओढूनताणून केलेल्या जोड्या चालणार नाहीत. दोन्ही वाचनं त्या प्रसंगात खरी वाटली पाहिजेत.

अंतरही मोजा. घोडेस्वार रोज पन्नासेक किलोमीटर चालला तर नागपूरहून पुण्याचे सातशे किलोमीटर गाठायला दोन आठवडे, उत्तर यायला आणखी दोन. जासूद, म्हणजे पत्र नेणारे, वाटेत बदलत गेले तर कमी, पावसाळ्यात नद्या भरल्या तर कितीतरी जास्त. त्या महिनाभरात नायिका जुन्या हुकुमावर चालत असते. पाचगाव यांची तारीख, महालकरांची वही आणि सावलीताईंचा तह, तिन्ही या एका महिन्यात बसतात. वेगळा तक्ता करा: तारीख, पत्र कुठून निघालं, कुठे आहे, कोणाला काय ठाऊक. हा तक्ता नसला की तिसऱ्या प्रकरणात नायकाला अशी बातमी कळलेली असते, जी घेऊन निघालेला जासूद अजून वर्ध्याच्या काठावर उतार शोधतो आहे.