सत्ता, वर्चस्व की पगडा?

प्रश्न : एका समाजगटाचा दुसऱ्या गटावर जो जोर चालतो, त्यामागच्या मानसशास्त्रावर लेख लिहिते आहे. 'सत्ता' म्हटलं की वाचकाला सरकार आठवतं, 'प्रभुत्व' म्हटलं की भाषेवरचं प्रभुत्व. मग सरसकट 'वर्चस्व' वापरलं तर चालेल?

उत्तर : सरसकट नको. सत्ता हातात असते, येते, जाते. कुणाला काय द्यायचं नि काय नाकारायचं, हे ठरवण्याचं ते बळ. वर्चस्व हातात नसतं, ते कुणावर तरी असतं. समोर दुसरा गट नसेल तर त्याला अर्थच नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७०च्या सुमारास ब्रिस्टलमधल्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले. निमित्त चित्रांच्या आवडीनिवडीचं, प्रत्यक्षात कुणालाही कुठेही टाकलेलं. मग त्यांना बक्षिसाचे पैसे वाटायला लावले. आपल्या गटाच्या पदरात चार पैसे कमी पडले तरी चालतील, पण 'त्यांच्या'पेक्षा जास्त हवेत, असा बऱ्याच जणांचा कल दिसला. ही वरचढ राहण्याची ओढ. इथे 'वर्चस्व' चपखल. पुढे १९८५मध्ये सचदेव आणि बूरी या संशोधकांनी अशाच गटांना वाटपाचा कमीअधिक अधिकार देऊन पाहिलं. ज्यांच्या हाती काहीच नव्हतं, त्यांनी भेदभाव केला नाही. इथे मात्र 'सत्ता'च लिहायला हवं.

आणखी एक गोष्ट : समाजात गटांची उतरंड का टिकते, हे सांगणाऱ्या सिडानियस आणि प्राटो या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धान्ताला 'सामाजिक वर्चस्वाचा सिद्धान्त' म्हणायला हरकत नाही. पण त्यांची प्रश्नावली मोजते तो 'वर्चस्वाकडे कल', म्हणजे गटागटांत उतरंड असावी असं माणसाला कितपत वाटतं ते. 'वर्चस्वाची हाव' असं कृपया करू नका (एका अनुवादात वाचलंय!). उतरंडीच्या तळाशी असलेल्यालाही ती योग्य वाटू शकते.

प्रश्नकर्ती : तळाच्या गटानं ती मनापासून मान्य करणं, याला मी 'धाक' म्हटलं होतं.

उत्तर : धाक असेल तर पाठ वळताच माणूस मनासारखं वागतो. पाठ वळल्यावरही तसाच वागला, तर तो पगडा. योस्ट आणि बानाजी या मानसशास्त्रज्ञांनी १९९४मध्ये मांडलेलं 'व्यवस्थेचं समर्थन', म्हणजे आहे ती व्यवस्था तोट्याची असली तरी योग्यच मानणं, याच्या जवळचं. इटालियन विचारवंत ग्राम्शीच्या संदर्भात 'धुरीणत्व' (हेजेमनी, म्हणजे वरच्या वर्गाचे विचार सगळ्यांनी आपलेसे करणं) रूढ आहे, पण सामान्य वाचक तिथे अडेल.

आणखी एक वाचक : पगडा पटला, पण 'गटाचा पगडा' कानाला खटकतं. पगडा विचारांचा, रूढीचा, फार तर एखाद्या माणसाचा. 'वरच्या गटाच्या विचारांचा पगडा' असं लिहा.